खाऱ्या पाण्याचा अभिषेक

"किती झाले?" यांनी खाटेवरून विचारलं.

"चोपन," मी म्हटलं.

भिंतीवरच्या इन्व्हर्टरच्या काचेत आकडा स्पष्ट दिसत होता. एकतीस.

सकाळचे साडेदहा वाजले होते. एरवी या वेळेला बॅटरी साठीच्या पुढे गेलेली असायची. मी आकड्यासमोर पदर धरून उभी राहिले, जणू यांना खाटेवरून तो दिसणारच होता. यांच्या नाकातली नळी, नळीच्या टोकाला ती ऑक्सिजनची मशीन, मशीनची ती एकसुरी घरघर. घरात दुसरं काहीही चालू नव्हतं. पंखा मी पहाटेच बंद केला होता, फ्रिज आदल्या दिवशीच.

"चोपन म्हन्जे बरं आहे," हे म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. आमचं गाव अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं. इथं कुठंही बोअर मारा, पाणी लागतं, पण खारट. त्यानं डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गोडं पाणी नळाला दहा दिवसांतून एकदा. हे तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये होते. रुईचा धुरळा छातीत बसत गेला आणि शेवटी डॉक्टरांनी घरी मशीन लावायला सांगितली. लाईनचा भरवसा नाही म्हणून लेकीनं गच्चीवर सोलरच्या आठ प्लेटा आणि खाली बॅटऱ्या बसवून दिल्या होत्या.

आदल्या दिवशी, दिवस मावळताना, गावाची डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला. धडाम् असा आवाज झाला, खांबावरून तेल सांडलं आणि अख्खं गाव अंधारात गेलं. वायरमन येऊन वर पाहून गेला. "नवी आली का बसवतो," म्हणाला. कधी येईल ते त्यालाही माहीत नव्हतं. गोड्या पाण्याचा पंपही त्याच डीपीवर, म्हणून नळही बंद.

आदल्या संध्याकाळी बॅटरी अठ्ठ्याऐंशीवर होती आणि उजाडताना बावीस. म्हणजे दिवेलागणीला पाऊणशेच्या आसपास असेल तर रात्र निघते, नाहीतर पहाटेच्या आत मशीन बंद पडणार. जवळ छोटा सिलिंडर होता, तो जेमतेम दीड तासाचा. तालुक्याचा दवाखाना बावीस किलोमीटर. मागच्या वैशाखात जीपमधून नेलं होतं तेव्हा उन्हानं यांची अशी काही अवस्था झाली होती की डॉक्टरच म्हणाले, "पुन्हा असं भर उन्हात हलवू नका." आणि रात्री गावात जीप नसायची. सगळा हिशेब त्या एका आकड्यावर येऊन थांबला होता आणि तो आकडा काही केल्या चढत नव्हता.

मी बादली उचलली. बोअरचं पाणी मातीच्या माठात रात्रभर ठेवून गार केलेलं होतं. ते घेऊन त्या दिवशी जरा लवकरच गच्चीवर गेले.

हे माझं रोजचं होतं. अक्षय तृतीयेपासून मी रोज भर बारा वाजता प्लेटांवर गार पाणी ओतत होते. देवाला उन्हाळ्यात चंदनाची उटी लावतात, महादेवावर पाण्याचं गळतं पात्र टांगतात. ज्या प्लेटा माझ्या माणसाच्या श्वासाची सोय करतात, त्यांना त्या उन्हात तसंच कसं ठेवायचं? ओतताना मी तोंडानं नामही घ्यायची.

गच्चीवरच तेवढी मोबाईलला रेंज यायची. बादली खाली ठेवली आणि अकोटच्या फिरोज मिस्त्रीला फोन लावला. प्लेटा त्यानंच बसवल्या होत्या.

"फिरोजभाऊ, आज बॅटरी भरूनच नाही रायली. ऊन तं एवढं आहे, का डोक्शाची लाही होऊन रायली. मंग काऊन?"

"म्हनूनच, काकू," तो म्हणाला. "आज सेहेचाळीस डिग्री आहे. वीज उजेडानं होते, तापानं नाही. अंगात ताप चढला का मानूस सुस्तावते ना, तशीच प्लेटबी सुस्तावते."

"म्हनून तं मी रोज गार पानी टाकतो बापा. दुपारी बारा वाजता."



"भर बाराले? गार पानी?"

"माठातलं."

"या अल्ला! काकू, काच तडकली असती! तापल्या तव्यावर पानी मारतं का कोनी?" मग त्याचा आवाज एकदम हळू झाला. "अन् पानी कोनतं?"

"आता कोनतं राहीन? बोअरचं."

"प्लेटीवर बोट फिरवा. नखानं खरवडा."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळून खरवडलं, काच इतकी तापली होती. पदरावर पांढरा थर आला. बादलीच्या काठावर चढतो तसाच खार. डोळ्यावर हात धरून नीट पाहिलं तर आठही प्लेटांवर दुधाची साय धरावी तसा तो पसरला होता. मला वाटायचं, उन्हानं चकाकतात.

"पांढरं आहे," मी म्हटलं.

"तुमच्या गावच्या पान्याले गुरं तोंड लावत नाही, काकू, अन् तुमी ते प्लेटाले पाजून रायल्या. पानी उन्हानं उडून जाते, खार तसाच राहते. रोज एक थर. लाईन होती तोवर बॅटरी लाईनीवर भरत होती, म्हनून तुमाले कळलंच नाही."

महिनाभर मी रोज नाम घेत घेत यांच्या श्वासावर एकेक पांघरूण घालत होते.

"आता काय करू?"

"मी परतवाड्याले आहे, लग्नात. रातीच्या आधी येनं होत नाही. संध्याकाळी काच थंडावली का गोड्या पान्यानं धुवा."

"संध्याकाळी धुऊन काय करू? तेव्हा ऊनच नसीन. रात कशी निघीन?"

त्याच्यामागं लग्नाचा बँड वाजत होता.

"मंग ऐका. पानी काचेइतकंच गरम पाहिजे, चटका बसीन असं. अन् गोडंच. पन हा थर नुसत्या पान्यानं सुटनार नाही, शिरका लागते, व्हिनेगर. दुकानात मिळते का गावात?"

"चिंचेचं पानी चालीन? देवाची तांब्याची भांडी त्यानंच निघतात."

"चिंच..." तो हसला, त्याही वेळेला. "चालीन. पन गाळून घ्या, अन् वरून गोडं पानी भरपूर मारा, नाहीतर चिकट राहीन. आधी खाली सोलरचा लाल खटका पाडा. पायात रबरी चप्पल घाला. प्लेटावर चढू नका, घासनीनं घासू नका. पातळाचा कपडा घ्या. अन् काकू... भाऊ कसे आहेत?"

"झोपले," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

गोडं पाणी घरात होतं. ओसरीत पन्नास-पन्नास लिटरचे चार ड्रम भरलेले होते, तोंडाला धुतलेलं फडकं बांधून, अंगावर हळदीकुंकवाची बोटं ओढून. गावच्या हनुमानाच्या देवळात सप्ताह चालू होता आणि उद्या काल्याचं कीर्तन. काल्याच्या पंगतीला प्यायचं पाणी वीस वर्षं आमच्या घरून जायचं. यांनीच पहिल्या वर्षी तसा शब्द दिला होता. हे तेव्हा टाळ घेऊन कीर्तनात उभे राहायचे, यांनी धरलेल्या चालीवर महाराजसुद्धा मान डोलवायचे. आता टाळ खुंटीला होता. मीही त्या सप्ताहात एकदासुद्धा देवळात गेले नव्हते. दोन गल्ल्यांपलीकडून पखवाज ऐकू यायचा, तो ऐकत चुलीशी बसायची आणि शेजारची गोदाबाई रोज सकाळी येऊन महाराज काय बोलले ते सांगायची. गेले सात दिवस कीर्तन माझ्यापर्यंत गोदाबाईच्या तोंडून पोचत होतं.

चारला उत्तमराव ट्रॅक्टर घेऊन ते ड्रम न्यायला येणार होते. नळ बंद, त्यामुळे गावात कुणाकडे घरच्या पिण्यापलीकडे पाणी नव्हतं. आमच्या स्वतःच्या पिण्याला एक घागर होती.

मी ड्रमाच्या तोंडाचं फडकं सोडलं. हात लावायच्या आधी ड्रमाला नमस्कार केला. काय मागितलं ते आठवत नाही.

"ड्रम कायले सरकवते?" आतून आवाज आला.

"सावलीत घेतो."

"देवाचं पानी आहे ते. पाहून सरकव, सांडशीन."

"नाही सांडत."

दिवसातलं दुसरं खोटं.

अंगणातल्या चुलीवर मोठं पातेलं चढवलं. वैशाखातली दुपार, वर आग, समोर आग. घामानं लुगडं अंगाला चिकटलं. गोदाबाईनं भिंतीवरून डोकं काढलं.

"अवं पंचफुला, काय मांडलं वं हे? कोनाची आंघोळ?"

"प्लेटाची."

"कोनाची?"

"सोलरच्या प्लेटाची. गरम पान्यानं धुवाच्या आहेत."

गोदाबाईनं कपाळावर हात मारला. "बाप्पा! उन्हानं येडी झाली वं माय ही! सेहेचाळीसच्या उन्हात प्लेटाले गरम पान्यानं न्हाऊ घालतं का? तेल-उटनंबी लाव मंग! पाचवीबी पूज!"

मला रडू फुटलं. तिथंच चुलीसमोर, फुंकणी हातात धरून. गोदाबाई भिंतीला वळसा घालून आली. मी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. ड्रमाचं सांगितलं तेव्हा तिनं एकदा ड्रमांकडं पाहिलं, एकदा आतल्या खाटेकडं. घरी जाऊन चिंचेचा अख्खा गोळा घेऊन आली आणि कोळायला बसली.

साडेबाराला मी लाल खटका पाडला. आता बॅटरीत येणं बंद, नुसतं जाणं. काचेत पाहिलं. अडतीस.

"किती?" यांनी विचारलं.

"साठ व्हाले आले."

गोदाबाई पातेली वर आणून द्यायची, मी काठावर उभी राहून चिंचेचं पाणी कपड्यानं लावायची. थर चटकन सुटेना. नामाचा एक गजर होईल एवढा वेळ तसंच भिजू द्यायचं, मग हळू पुसायचं, मग वरून गरम गोडं पाणी. पहिल्या प्लेटेची पांढुरकी साय निघाली आणि खालून काळीनिळी काच वर आली, तेव्हा गोदाबाई म्हणाली, "अगं बाई, ही तं काळी होय? मी तं पांढरीच समजत होती."

चार प्लेटा झाल्या. दोन ड्रम संपले. रबरी चपलेतूनही तळवे भाजत होते. पाचवीवर कपडा ठेवला आणि माझा हात थांबला.

"गोदा, तुले काही ऐकू येते?"

"नाही. काय?"

"तेच तं."

मशीनची घरघर येत नव्हती.

जिना मी कशी उतरले ते मला सांगता येणार नाही. हे खाटेच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वरखाली होत होते. नळी मांडीवर. ओठ जांभळे पडलेले. मशीनचं बटण बंद. बॅटरी संपली नव्हती. यांनी स्वतःच्या हातानं बंद केलं होतं.

मी बटण दाबलं, नळी नाकाला लावली, छातीशी धरून बसले. घरघर सुरू झाली. एक श्वास, दुसरा, तिसरा. मी मोजत होते. चाळिसाव्या श्वासाला ओठांवरचं जांभळं थोडं उतरलं.

"काऊन बंद केली?" मी ओरडलेच. "काऊन?"

"राखून... ठेवत होतो," हे म्हणाले. एकेक शब्द श्वासात बुडवून काढल्यासारखा. "दिवसा सोसावं थोडं... रातीले पुरीन."

"पुरतेच आहे ना! साठ—"

"पंचफुला." हे फक्त एवढंच म्हणाले. मग बराच वेळ श्वास घेत राहिले. "बेचाळीस वर्सं झाली. खोटं बोलताना तुया आवाज... एक पट्टी वर जाते. चोपन म्हटलं, तेव्हाच समजलो."

गोदाबाई दारात उभी होती. ती मागच्या मागं अंगणात गेली.

"आता खरं सांग."

"सदतीस."

"अन् ड्रम?"

मी यांच्या तोंडाकडं पाहू शकले नाही. "दोन रिकामे केले. प्लेटावर खार चढला. मीच चढवला, महिनाभर. बोअरच्या पान्यानं."

यांनी डोळे मिटले. वीस वर्षांत एकदाही न मोडलेला शब्द होता तो. मशीन घरघरत होती. मी वाट पाहत होते.

"काच निघाली का?" यांनी डोळे न उघडता विचारलं.

"अर्ध्या निघाल्या. चार."

"मंग अर्ध्यात कायले आली? जाय."

"तुमी पुन्हा बंद कराल."

"नाही करत. तू आकडा खरा सांग, मी हात लावत नाही."

तिसरा ड्रम संपला तेव्हा आठवी प्लेट निघाली. दीड वाजून गेला होता. खटका वर केला आणि आम्ही दोघी इन्व्हर्टरसमोर उभ्या राहिलो. पस्तीस. गोदाबाई म्हणाली, "अशी पाहून राहशीन तं लाजीन ते." पण ती स्वतःही हलली नाही. बऱ्याच वेळानं छत्तीस झाले. मग सदतीस लवकर आले. मी दर वेळेला मोठ्यानं सांगत होते आणि हे खाटेवरून मान हलवत होते.

चारला अंगणात ट्रॅक्टर थांबला. उत्तमराव उतरले. सप्ताहाचं सगळं तेच पाहायचे. तोंडानं फटकळ माणूस, पैशाच्या नि शब्दाच्या बाबतीत त्याहून कडक. सोबत ड्रम चढवायला कुणाला आणलं नव्हतं, स्वतःच बाह्या वर करत ओसरीत आले. एका ड्रमाला हात घातला आणि तो हलका लागून त्यांचा तोलच गेला. दुसरा पाहिला. तिसरा पाहिला.

"वैनी, हे काय जी? पानी कुठी आहे?"

मी हात जोडले. "उत्तमराव, देवाचं पानी मी सोलरवर ओतलं."

मी पुढचं सांगत गेले, खार, चिंच, मशीन, आकडा. सांगताना सारखं वाटत होतं, आता हा माणूस ओरडेल. हे आतून काहीतरी म्हणायला गेले आणि खोकल्यात अडकले. उत्तमराव खोकल्याकडं पाहत राहिले. मग जिन्यानं वर गेले. मी मागोमाग. एका प्लेटेच्या चौकटीच्या कोपऱ्यात, जिथं माझा हात पोचला नव्हता, तिथं पांढरा थर शिल्लक होता. त्यांनी तो नखानं काढला आणि जिभेला लावला. तोंड वाकडं केलं, थुंकले. खाली आले. चौथा, भरलेला ड्रम एकट्यानं उचलून ट्रॉलीत चढवला. रिकामे तीनही चढवले. काही न बोलता ट्रॅक्टर सुरू केला आणि गेले.

"काय म्हटलं त्यानं?" यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हटलं?"

"खरंच काही नाही."

त्या गप्प राहण्याचा अर्थ लागेना. संध्याकाळभर मी आकडा आणि तो गप्प ट्रॅक्टर, दोन्ही मनात घोळवत बसले. दिवस मावळला तेव्हा बॅटरी चौऱ्याहत्तरवर थांबली. पाऊणशेला एक कमी. एका आकड्यानं काय होतं, असं दुसऱ्या कुणाला वाटेल. मी दिवासुद्धा लावला नाही. देवापुढचा तेवढा, तेलाचा.

ती रात्र निघाली. उजाडायला इन्व्हर्टरच्या काचेत नऊ होते. हे शांत झोपले होते. डीपी त्याच दिवशी दुपारी आली, आणि हे त्यानंतर आणखी दोन उन्हाळे माझ्यासोबत होते.

पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं. सूर्य अजून वर आला नव्हता, हवा जरा गार होती. अंगणात बांगड्यांचा आवाज झाला म्हणून दार उघडलं. गोदाबाई पुढं, तिच्यामागं पंधरा-वीस बाया. काल्याला निघालेल्या, नवी लुगडी नेसलेल्या. प्रत्येकीच्या हातात एकेक तांब्या.

"पंगतीचं कसं होईन मंग?" मी घाबरून विचारलं. मला वाटलं, देवळात पाणी नाही म्हणून जाब विचारायला आल्या.

"पंगतीले सगळे आपापल्या घरून घेऊन चालले," गोदाबाई म्हणाली. "हे तुया प्लेटासाठी. अवं, काल संध्याकाळी कीर्तनात महाराजांनी तुयाच दृष्टांत देल्ला! उत्तमरावानं सांगतलं असंन त्याईले. नाव नाही घेतलं, पन सगळं गाव समजलं. तू पाह्यजे होती वं!"

"काय म्हटलं?" सात दिवस एक कीर्तन कानावर पडलं नव्हतं माझ्या, आणि आता मीच त्यात गेले होते. "काय म्हटलं महाराजांनी?"

गोदाबाईनं महाराजांसारखा हात वर केला. "म्हने, माय बाप हो, त्या माउलीचा भाव गोड होता, पानी तेवढं खारं होतं. सेवा कराची तं ज्याची कराची त्याले काय मानवते, ते आधी इचारा. अन् मंग म्हने, असं एक घर आपल्या गावात आहे अन् आपन इथं टाळ कुटून रायलो."

बाया एकामागून एक जिना चढल्या. जिना अरुंद, वर जागा थोडी. एकीनं तांब्या कपाळाला लावला, मग प्लेटेवर ओतला. मग दुसरीनं. आपल्या पिण्यातलं पाणी होतं ते, डीपी जळालेल्या गावातलं. काच गार होती, पाणी काळ्या काचेवरून सरसर खाली उतरत होतं. खालून मशीनची घरघर येत होती. मी हात जोडून तशीच उभी.

"अवं उभी काय रायली?" गोदाबाईनं माझ्या अंगावर फडकं फेकलं. "दिवस निघून रायला! पूस लवकर!"